घर गुहागरात, कुटुंब चार गावांत: हेडसेट घालून एकत्र उभं राहता येतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गुहागर तालुक्यात सत्तर-ऐंशी वर्षांचं कौलारू घर आहे, मालकी सामाईक. एक भावंड ठाण्याला, एक पुण्याला, एक मस्कतला. गावात थोरले काका-काकू राहतात. छपराचं लाकूड बदलायचंय, मागच्या पडवीत न्हाणीघर आणि संडास घ्यायचाय. तीन वेळा व्हिडिओ कॉलवर बसूनही काही ठरलं नाही. डोळ्यांवर चढवायचं हेडसेट घेऊन सगळ्यांना त्या घरात एकत्र उभं करता येईल का, आणि घ्यायचं तर आभासी वास्तवाचं (ज्यात फक्त संगणकाने उभं केलेलं जग दिसतं) घ्यावं की मिश्र वास्तवाचं (ज्यात खऱ्या खोलीतच नवीन वस्तू दिसतात)?

येईल. मी दापोली-गुहागर पट्ट्यात जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं करतो आणि गेली काही वर्षं लांबच्या मालकांबरोबर हेच करत आलोय. अनुभवाने एक गोष्ट पक्की झालीय, ती आधी सांगतो. चित्र किती सुंदर दिसतं यावर फार काही अवलंबून नसतं. लांबच्या प्रत्येकाला एकाच वाशाकडे स्वतःचं बोट दाखवता आलं पाहिजे, आणि प्रत्यक्ष घरात त्या वाशाला हात लावणारं माणूस पाहिजे. या दोन गोष्टी जमल्या तर साध्या हेडसेटवरही काम होतं. एक जरी राहिली, तरी कितीही महागाचं यंत्र आणा, बैठक पुन्हा तिथेच अडते.

हे मला कळलं ते निसर्ग वादळानंतर. ३ जून २०२० ला ते रायगडच्या किनाऱ्यावर चढलं आणि दापोली-मंडणगडातही घरंच्या घरं उघडी पडली. टाळेबंदीमुळे मालक मुंबईत अडकलेले, पाऊस तोंडावर आलेला, घरावर कौल नाही. अशाच एका घरात उभा राहून मी चार जणांना फोनवर छप्पर दाखवत होतो. मुंबईहून एकजण म्हणाला, "तो डावीकडचा वासा काढा." मी विचारलं, "कुणाच्या डावीकडचा?" अर्धा तास असाच गेला, रेंज येत-जात राहिली, आणि शेवटी सुताराने भलत्याच वाशाला करवत लावली. किंजळीचा वासा होता, अजून कित्येक पावसाळे काढले असते त्याने. मला तो आजही आठवतो.

व्हिडिओ कॉलची अडचण तिथेच आहे. सगळ्यांना माझ्या हातातल्या कॅमेऱ्याच्या मागून फरफटत यावं लागतं. मी मान वळवली की सगळ्यांची वळते. माझं बोट सर्वांना दिसतं, त्यांचं कुणालाच दिसत नाही. मग "हा", "तो", "त्याच्या पलीकडचा" हे शब्द, ज्यांवर आपलं अर्धं बोलणं चालतं, ते सगळे निकामी होतात. हेडसेटमध्ये तेच शब्द परत जिवंत होतात. ठाण्याची बहीण आढ्याकडे हात करते, मस्कतचा भाऊ तिच्या हाताच्या दिशेने वर बघतो आणि म्हणतो, "हो, हाच. इथे गळायचं." एवढ्यासाठीच मी या साधनाच्या प्रेमात आहे.

'टेलिप्रेझेन्स', म्हणजे लांब असूनही तिथे हजर असणं, हा शब्द संगणकशास्त्रज्ञ मार्विन मिन्स्की यांनी १९८० साली मांडला, तेव्हा त्यांच्याही मनात मुख्यतः दूरचे हातच होते: अणुभट्टीत किंवा समुद्राच्या तळाशी, जिथे माणसाने जाणं धोक्याचं, तिथे त्याचे हात काम करतील ही कल्पना. आपल्या कामात ते दूरचे हात म्हणजे तुमचे काका आणि सुतार. त्यांना बैठकीच्या मध्यभागी ठेवा.

आता उभं राहिल्यासारखं खरंच वाटतं का? वाटतं, आणि ते बघण्यासारखं असतं. माझ्याकडच्या एका घराचं माजघराचं दार जेमतेम साडेपाच फुटांचं होतं. मालक आखातात, स्वतःच्या दिवाणखान्यात, हेडसेट घालून. दुसरीकडे त्यांची पत्नी फोन धरून त्यांचं चित्रण करत होती. दाराशी येताच त्या गृहस्थाने मान खाली घातली, एक हात वर करून चौकट चाचपली आणि उंबरा ओलांडावा तसा पाय उचलून टाकला. तिथे ना चौकट होती ना उंबरा, नुसता गालिचा. वीस वर्षांपूर्वी घर सोडलेल्या माणसाच्या मानेला दाराची उंची पाठ होती. मेल स्लेटर या संशोधकाने २००९ मध्ये या अनुभवाची दोन अंगं वेगळी करून दाखवली: आपण तिथे आहोत असं वाटणं, आणि तिथे जे घडतंय ते खरंच घडतंय असं वाटणं. पहिलं हेडसेट देतं. दुसरं तुम्हाला घडवावं लागतं, आणि ते आवाजाने घडतं. त्याकडे येतोच.

आधी घराचा स्कॅन, म्हणजे फोनने घराचं त्रिमितीय मॉडेल बनवणं; हेडसेटमध्ये सगळ्यांभोवती उभं राहतं ते हेच मॉडेल. बैठकीचा दर्जा इथेच ठरतो, म्हणून जरा तपशिलात सांगतो. आयफोनच्या प्रो मालिकेत २०२० च्या १२ प्रो पासून लायडार, म्हणजे प्रकाशाने अंतर मोजणारा सेन्सर येतो. त्याचा पल्ला साधारण ५ मीटर, म्हणजे माजघर, ओटी, पडवी आरामात येतात. उंच आढं मात्र जमिनीवरून अर्धवट येतं, त्यासाठी माळ्यावर चढावं लागतं. तसा फोन नसेल तर साध्या फोटोंवरूनही मॉडेल बनतं. पद्धत एवढीच की प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा किमान ७० टक्के भाग आला पाहिजे, आणि एका जागी उभं राहून गिरक्या घ्यायच्या नाहीत, पावलं टाकत जायचं. फक्त लक्षात ठेवा, फोटोंवरून बनलेल्या मॉडेलला स्वतःचं माप नसतं. दोन खांबांमधलं अंतर टेपने मोजून ते आकडे मॉडेलला द्यावे लागतात. लायडारच्या मॉडेललाही मी टेप लावतोच. एकदा ओटीवरून निघून पडवीने पूर्ण घराला वळसा घालून परत ओटीवर आलो, तर मॉडेलमध्ये ओटीची भिंत दोनदा उमटली, मध्ये वीतभर अंतर ठेवून. चालता चालता साचलेली चूक होती ती. तेव्हापासून मी खोलीगणिक वेगळा स्कॅन करतो आणि मग जोडतो.

काच, पाणी आणि ओली फरशी स्कॅनमध्ये नीट येत नाही. म्हणून हे काम मे महिन्याच्या आतच उरका. काळोख्या माजघरातही फोटोंना तपशील मिळत नाही. दिवे लावा, खिडक्या उघडा, चार-दोन कौलं सरकवून उजेड घेतलात तर उत्तम. २०२३ पासून गाजत असलेली गॉशियन स्प्लॅटिंग नावाची पद्धत फारच देखणं चित्र देते, जाळीतून येणारा उजेडसुद्धा हुबेहूब. पण त्यात भिंत म्हणजे रंगीत ठिपक्यांचा ढग असतो. नवीन भिंत नेमकी कुठे टेकते ते बघायला तो कामाचा नाही. आठवण म्हणून जरूर करून ठेवा, निर्णयासाठी साधं 'मेश' मॉडेल घ्या, ज्यात भिंतीला सलग पृष्ठभाग असतो.

आणि स्कॅनच्या आदल्या दिवशी खडू घेऊन प्रत्येक वाशावर, खांबावर आणि तुळईवर आकडा लिहा. समुद्राकडच्या पाख्याचे वासे 'स १' पासून, डोंगराकडचे 'ड १' पासून. हे आकडे मॉडेलमध्येही दिसतात आणि घरातही राहतात. बैठकीत ठरलं "स ७ काढायचा, स ८ राहू दे", की सुतार दुसऱ्या दिवशी तोच आकडा बघून हात घालतो. माझ्या सगळ्या यंत्रांपेक्षा या खडूने जास्त चुका वाचवल्यात.

इंटरनेटचं काय, हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो, कारण आपल्याकडे वाड्या खोऱ्यात आणि रेंज सड्यावर. इथे दोन गोष्टींची गल्लत होते. तुम्ही मान वळवल्यावर चित्र किती लवकर वळतं, ही एक. ते २० मिलिसेकंदांच्या आत वळावं, नाहीतर डोकं गरगरतं. पण ते काम हेडसेट स्वतः करतं, इंटरनेटचा त्याच्याशी संबंध नाही. दुसरी गोष्ट म्हणजे तुमचा आवाज समोरच्याला किती उशिरा पोचतो. दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर संभाषण नीट चालतं असं धरलंय. मस्कत गुहागरपासून हवाई अंतराने साधारण १,७०० किलोमीटर. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे हे अंतर तो नऊ-एक मिलिसेकंदांत कापतो. केबल वळणं घेत जाते म्हणून दुप्पट-तिप्पट धरा. मस्कत लांब नाही. लांब आहे ते सड्यावरच्या टॉवरपासून तुमच्या ओटीपर्यंतचं अंतर, मध्ये चिऱ्याची दीड हात जाड भिंत.

म्हणून घराचं थेट ३६० अंशांचं चित्रण करून सगळ्यांना हेडसेटमध्ये दाखवायचं, हा विचार सोडून द्या. ४के म्हटलं तरी आडवे ३,८४० ठिपके पूर्ण ३६० अंशांवर पसरलेले असतात. हेडसेटमध्ये एका वेळी दिसणारा भाग साधारण १०० अंशांचा, म्हणजे वाट्याला येतात हजार-अकराशे ठिपके. वाशावरची वाळवीची माती त्यात दिसत नाही. शिवाय कॅमेरा एका जागी असतो. तुम्ही वाकून बघायला गेलात की सगळं घर तुमच्याबरोबर वाकतं आणि पोटात ढवळतं. मॉडेल मात्र आदल्या रात्री प्रत्येकाने आपापल्या वायफायवर उतरवून ठेवता येतं. मग बैठकीत इंटरनेटवरून जातो तो फक्त आवाज आणि डोकं-हात कुठे आहेत त्याचे आकडे, आणि एवढं तर साध्या मोबाइल डेटावरही भागतं. लाइट गेली तरी काकांचा फोन चालू राहतो, आणि बाकीच्यांच्या डोळ्यांसमोरचं घर जागेवरच असतं.

मस्कतच्या भावाला एक सांगा: काही आखाती देशांत इंटरनेटवरून बोलण्यावर निर्बंध असतात. कुठलं ॲप चालतं ते दोन दिवस आधीच तपासून ठेवायला हवं.

आता यंत्र कुठलं. १९९४ मध्ये मिलग्रॅम आणि किशिनो या संशोधकांनी खऱ्या जगापासून पूर्ण आभासी जगापर्यंत एक सलग पट्टी कल्पिली होती आणि मधल्या सगळ्याला मिश्र वास्तव म्हटलं होतं. तुमच्या कुटुंबाला ती पट्टी चपखल लागू पडते. जे घरात नाहीत त्यांच्याभोवती घर उभं करायचंय, त्यांना आभासी. जे घरातच आहेत त्यांच्यासमोर फक्त नवीन भिंत उभी करायचीय, त्यांना मिश्र. सुदैवाने आज दोन्हींसाठी वेगळी यंत्रं लागत नाहीत. मेटा कंपनीच्या क्वेस्ट ३ सारख्या हेडसेटवर पुढचे कॅमेरे खरी खोली रंगीत दाखवतात आणि त्यात नवीन वस्तू बसवता येते. पारदर्शक काचेच्या महागड्या यंत्रांच्या मागे लागू नका. त्यातल्याच होलोलेन्स २ चं उत्पादन मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये थांबवलं, आणि तशा काचेवरचं चित्र आपल्या अंगणातल्या उन्हात फिकं पडतं.

तिघांना तीन हेडसेट लागतीलच असंही नाही. ब्राउझरमध्ये लिंकवरून उघडणारी आभासी खोली निवडा, मॉडेल त्यात ठेवता येतं. ज्याच्याकडे हेडसेट नाही तो फोनवरून किंवा संगणकावरून त्याच खोलीत येतो. निर्णयात ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडे हेडसेट असू द्या. खरंच सांगतो, जो नुसता स्क्रीनवर बघतो तो दहा मिनिटांत गप्प होतो आणि नंतर "मला विचारलंच नाही" म्हणतो. त्याचं नाव घेऊन मधून मधून विचारत राहा. आणि मॉडेलची मूळ फाइल, जीएलबी किंवा ओबीजे स्वरूपातली, स्वतःजवळ ठेवा. अशा खोल्या देणारं ऑल्टस्पेस २०२३ मध्ये बंद झालं, मोझिलाचं हब्स २०२४ मध्ये. खोली भाड्याची असते, घर आपलं राहिलं पाहिजे.

काकांना हेडसेट द्यायचं ते एकाच कामासाठी: मागच्या पडवीत उभं राहून नवीन न्हाणीघराची भिंत कुठे येते ते बघायला. मी ती भिंत खऱ्या दोन खांबांच्या तळाशी जुळवून घेतो. एका आजोबांनी असं बघितलं, हात लांब करून त्या नसलेल्या भिंतीपाशी थांबवला आणि म्हणाले, "म्हणजे पागोळ्यांचं पाणी आता विहिरीकडच्या पाखाडीवर पडणार." नकाशावर हे आमच्यापैकी एकालाही दिसलं नव्हतं. पन्नास पावसाळे त्या जागी उभं राहिलेल्या माणसाला दिसलं. पन्हळ बदलली. मात्र हे मिश्र चित्र चालता चालता दोन-चार बोटं सरकतं, त्यामुळे आखणी दोरी आणि टेपनेच करायची. शिडीवर, माळ्यावर किंवा उघड्या जोत्याच्या कडेला हेडसेट कुणाच्याही डोक्यावर नको. याला अपवाद नाही.

आभासी खोल्या खऱ्यापेक्षा लहान भासतात. हेडसेटमध्ये अंतर कमी वाटतं, हे बऱ्याच प्रयोगांतून दिसून आलंय. पुण्याची बहीण म्हणेल, "न्हाणीघर फार अडचणीचं होतंय," आणि भिंत फूटभर पुढे सरकवायला लावेल. म्हणून मॉडेलमध्ये ओळखीच्या मापाच्या वस्तू ठेवा. बादली, पाट, तांदळाची गोण, दारात उभं एक माणूस. डोळ्याला धरायला काही मिळालं की अंदाज सुधारतो.

आता आवाज. जुन्या लाकडाची परीक्षा डोळ्याने अर्धी होते, अर्धी कानाने. सुतार तुळईला हातोडीची मूठ मारतो. भरीव असेल तर 'टण्ण' येतो, आतून खाल्लेली असेल तर 'भद्'. एका बैठकीत सुतार ठोकत होता आणि पलीकडे कुणालाच काही ऐकू येत नव्हतं. नेट चांगलं, बोलणं स्वच्छ, पण ठोका गायब. शोधल्यावर कळलं: कॉलचं ॲप गोंगाट गाळतं, आणि हातोडीचा ठोका त्याच्या लेखी गोंगाट. ती गाळणी सेटिंगमध्ये बंद केली आणि फोन लाकडापासून दोन हातांवर धरला. ऐनाच्या लाकडाची तुळई, एका टोकाकडून ठोकत ठोकत सुतार पुढे सरकला आणि भिंतीपासून दीड हातावर आवाज बसला. तिघांनीही तो एकाच क्षणी ऐकला. ठाण्याहून कुणीतरी फक्त "अरे देवा" म्हणालं. मग सुताराने पटाशी टोचली, ती मुठीपर्यंत आत गेली. त्या तुळईसाठी महिनाभर वाद चालला होता, तो तिथेच संपला.

म्हणून आवाजासाठी वेगळा फोन ठेवा, काकांच्या नव्हे तर सुताराच्या जवळ, आणि गाळणी बंद. कॅमेरा कुणाच्या डोक्याला बांधू नका. डोकं सतत हलतं आणि बघणाऱ्याला मळमळतं. साधा स्टँड पुरे.

बाकीचं चटकन. क्वेस्ट ३ चं वजन ५१५ ग्रॅम आहे. १९६८ साली संगणकशास्त्रज्ञ आयव्हन सदरलंड यांनी बनवलेलं हेडसेट डोक्यावर पेलवेना म्हणून छताला टांगलं होतं, त्या मानाने प्रगती मोठी आहे; तरी वीस मिनिटांनंतर कपाळाला घाम येतोच. बैठक वीस मिनिटांची, मग पाणी, मग पुन्हा. वयस्कांना खुर्चीवर बसवा. हातातल्या कंट्रोलरची जॉयस्टिक ढकलून मॉडेलमध्ये सरकत चालण्याऐवजी एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी घेण्याची सोय निवडा, गरगरणं खूप कमी होतं. दोन बाहुल्यांमधलं अंतर माणसागणिक वेगळं असतं, मोठ्यांत सरासरी ६३ मिलिमीटर. हेडसेट दुसऱ्याच्या डोक्यावर गेलं की त्याचं चाक फिरवून जुळवायचं, नाहीतर "धूसर दिसतंय" म्हणत माणूस यंत्र काढून ठेवतो. ओटीवर हेडसेट उलटं ठेवू नका: भिंगातून ऊन आत गेलं तर पडद्यावर कायमचा डाग पडतो. पावसाळ्यात बंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह.

एक नाजूक बाब. स्कॅन सगळं उचलतो: देवघर, भिंतीवरचे फोटो, उघडं कपाट, दोरीवरचे कपडे. काकूंना आधी विचारा, नुसतं काकांना विचारून भागत नाही. एका घरी देवघराचा स्कॅन नको म्हणाले. आम्ही तिथे मॉडेलमध्ये बंद दार ठेवलं, कुणाचं काही अडलं नाही. शिवाय गणपती कुठे बसतो ती जागा मॉडेलमध्ये आधीच खुणावून ठेवा. दुरुस्तीत त्या कोपऱ्याला धक्का लागतोय हे तिसऱ्या बैठकीत उमगलं, तर पहिल्या दोन वाया गेल्या समजा. आणि घर सामाईक आहे म्हणून सांगतो, हेडसेटमध्ये डोलावलेली मान संमती म्हणून धरू नका. बैठक संपली की त्याच दिवशी वाशांच्या आकड्यांसकट ठरलेलं लिहून सर्वांना पाठवा आणि सह्या घ्या.

तुमच्या जागी मी असतो तर आधी एकच हेडसेट घेतलं असतं, ओळखीत कुणाकडे असेल तर महिनाभर मागून आणलं असतं. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात स्कॅन, लगेच पहिली बैठक फक्त छपरासाठी, न्हाणीघराचा विषयही काढायचा नाही. पहिला शब्द काकांचा, हातात खडू घेऊन. शाकारणीला माणसं मे महिन्यात मिळेनाशी होतात, म्हणून लाकडाचा निर्णय त्याआधी झालेला बरा. न्हाणीघर पावसानंतर.

आणि स्कॅनच्या दिवशी ओटीवरचा झोपाळा दोरीने खांबाला बांधून ठेवायला सांगा. हलती वस्तू मॉडेलमध्ये धुरासारखी उमटते, आणि ओटीवर आल्याबरोबर प्रत्येकजण आधी झोपाळाच बघतो.